भोजलीची गोळी, माही गोळी

माहं नाव विमल. लिहा ताई, पण हळू लिहा, कावून का मी एका गोष्टीतून दुसरीत शिरते अन् मंग लिहिणाराचा हात दुखते. बाप माहा भंडाऱ्याकडचा, भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा होऊन राहिला होता तवा खलाशी, म्हनजे हाताखालचा मजूर म्हनून आला अन् इथंच राह्यला. मी भिलाईच्या खुर्सीपारातच जन्मली. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगडी, साहेबापुढं हिंदी, अन् राग आला का तिन्ही. नवरा ठेक्यात होता, तो छातीच्या बिमारीनं गेला, त्याच्याआधीपासून मी बी ठेक्यातच रेजा. रेजा म्हनजे डोक्यावर ओझं वाहनारी बाई. आमी कोक भट्टीच्या दुरुस्तीत विटा वाह्यल्या. तुमच्या घराची वीट नाही हं, भट्टीची वीट, एकेक अशी का पोटात लेकरू असल्यावानी जड. शिडी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. चोवीस वर्षं. आता म्हनतात टोंगळे, म्हनजे गुडघे, कावून दुखतात. बाप्पा, टोंगळे नाही दुखतीन तर काय दुखन?

तिथंच माही भोजली भेटली, तीबी रेजाच, इथलीच छत्तीसगडी. हे समजून घ्या, नाहीतर पुढचं कायी समजनार नाही. इकडं राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब तलावावर नेतात, त्याले भोजली म्हनतात. अन् जिले जन्माची सखी करायची तिच्या कानामागं ते कोंब खोचतात. एकदा खोचले का झालं. मंग ती तुमची भोजली, तुमी तिची भोजली, अन् नाव घ्यायचं नाही. मरेपर्यंत नाही. मरोद्याच्या तलावावर तिनं माह्या कानामागं कोंब खोचले. सासू घरी तंडली, आपन बौद्ध लोक, हे कोनाचे सोंग घेऊन आली. मी म्हटलं, आत्याबाई, यात देव नाही, मानूस आहे. रस्त्यात भेटली का ती म्हने सीताराम भोजली, मी म्हनो जयभीम भोजली. लोक हसत. हसोत.

भोजली झाली का तुझं-माझं राहत नाही. तिची भाजी माह्या डब्यात, माही भाकर तिच्या. एकदा ठेकेदारानं दोघींत मिळून हातमोज्याचा एकच जोड देल्ला, तर उजवा तिनं घातला, डावा मी, अन् अख्खा महिना तसंच काम केलं. तिले मोठी मौज वाटे, म्हने दोघी मिळून एक बाई झाली.

असो. टोंगळे. काम सुटलं, वय झालं, दोघीचे टोंगळे संगच गेले. ती खुर्सीपारच्या बाजारात भाजीचा पसरा लावते, तिले उकिडवं बसावं लागते, अन् बसली का उठवाले दोन गिऱ्हाइकं लागत. माहं तर असं का संडासात बसनं म्हनजे संकट. डॉक्टरनं फोटो काढला, म्हटलं दोन हाडांमधली गादी घासून गेली. बदलून टाका म्हने वाटी. आता वाटी बदलनं काय भाजीची वाटी आहे?

मंग त्याच दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम भेटली, नागपूरकडची, लहान पोरगी, आमच्या मराठीवर मनातल्या मनात हसे पण तोंडावर नाही. ती म्हने मावशी, आमी एका गोळीचा अभ्यास करून राहिलो, गादीची झीज थांबते का ते पाहतो. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसती खडूसारखी, दिसायला सारखी. कोनाले कोनती ते तुमाले माहीत नाही, अन् मलेबी नाही. मी म्हटलं, तुले बी नाही? ती म्हने मला कळलं तर मी खरी खानाऱ्याकडं जास्त हसून पाहीन ना मावशी. ते मले पटलं. भोजली संगच होती, दोघीनं अंगठे नाही, सह्या केल्या. दोघीले दोन पांढरे डबे भेटले, त्यावर नाव नाही, नुसता नंबर. दर महिन्याले जायचं, रक्त द्यायचं, दुखनं दहापैकी किती ते सांगायचं, अन् उरलेल्या गोळ्या मोजून वापस द्यायच्या.

दोन महिने गेले. भोजली पसऱ्यावरून आपली आपन उठाले लागली. एक दिवस माह्या दारात उकिडवी बसून दाखवलं अन् टनकन उभी झाली, म्हने पाह्यलं का! अन् मी? मी तशीच, आठ म्हटलं तर आठ. तिनं माहं तोंड पाह्यलं. काय सांगू तुमाले, ती घरी गेली, आपला डबा आनला, माहा डबा फळीवरून काढला, अन् दोन्हीच्या गोळ्या सुपात ओतल्या. मी म्हटलं अवं अवं, हे काय! ती म्हने, तोर-मोर का हे भोजली? तुझं-माझं काय आहे? सुपात हात फिरवून एकजीव केल्या, मंग मोजून अर्ध्या तिच्या डब्यात, अर्ध्या माह्या. मोजनी बरोबर. कोनाले पत्ता लागनार नाही. आमी दोघी हसलो. खोटं कावून बोलू, हसलोच.

अन् पुढच्या महिन्यात मी म्हटलं पाच. खरंच पाच वाटलं का तिच्या प्रेमानं वाटलं, ते आजबी मले ठाऊक नाही. मॅडमचा चेहरा असा खुलला! नियमानं तिनं हसायचं नव्हतं, तरी हसली. म्हने मावशी, तुमच्यासारख्यांच्या कागदावरूनच ठरनार, ही गोळी पुढं लोकांना द्यायची का नाही.

ताई, तिथून माहा जीव थाऱ्यावर नाही. आंग घरात, जीव त्या कागदात. पोळी लाटता लाटता हात थांबे. सून म्हने आई, पोळी जळून राहिली. टीव्ही पाह्यला बसो अन् उठो, अंगनात जावो अन् वापस येवो, टोंगळ्याले आराम पाहिजे अन् मन बसू देत नाही. भट्टीत आमी पाह्यलं आहे, चांगल्या विटांमध्ये एक हलकी वीट गेली तर बाहेरून कोनाले दिसत नाही, मिस्तरीलेबी नाही. भट्टी तापली का मंग भिंत तिथूनच उकलते. अन् तोवर विटा वाहनारी घरी जेवून राहिली राहते. माह्यासारख्या किती बाया त्या गोळीची वाट पाहून राहिल्या असतीन, अन् त्याईच्या भिंतीत मी अन् माह्या भोजलीनं हलकी वीट ठेवली.

भोजलीले म्हटलं, आपन सांगून टाकू. ती भडकली. म्हने तुले काय, तू घरात बसून खाते, मले पसऱ्यावर बसावं लागते. सांगतलं तर डबा बंद होईन. मी म्हटलं, पन मॅडमची मेहनत. ती म्हने, मॅडम तुही भोजली आहे का मी? मी चूप झाली. आठ दिवस चूप. नवव्या दिवशी दवाखान्याची तारीख होती.

मी आत गेली. मॅडमनं विचारलं, मावशी, दहापैकी किती? अन् माह्या तोंडून निंगालं, मले नाही माहीत, मी माह्या भोजलीच्या गोळ्या खाल्ल्या अन् तिनं माह्या. मॅडमनं पेन ठेवला. भोजली कोण? माही भोजली. हो, पण नाव काय? नाव नाही घेता येत. मावशी, या यादीत भोजली नावाचं कोणीच नाही. मी म्हटलं, नसनच, ते नाव नाही, नातं आहे. तिले कायी समजेना. शेवटी मी दाराकडं बोट केलं, म्हटलं बाकावर निळ्या लुगड्याची बसली आहे.

मॅडम दारात गेली अन् यादीतलं नाव मोठ्यानं पुकारलं. ते नाव मी तुमालेही सांगनार नाही. भोजली उठली, टोंगळ्यावर हात न ठेवता उठली, मॅडमकडं पाह्यलं, मंग माह्याकडं, अन् तिले समजलं.

मॅडम ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बराच वेळ कागद सरळ करत बसली, आधीच सरळ होते ते. मंग म्हने, तुम्ही दोघींनी सांगितलं ते बरं झालं. दोघीनं कुठं, एकीनं. पन तिनं दोघीनं म्हटलं. दोन्ही डबे ठेवून घेतले, आमचे कागद वेगळे काढले. वर साहेबाले कळवावं लागन म्हने, अन् तिलेबी ऐकून घ्यावं लागलं असन, मी विचारलं नाही. मले येवढंच विचाराचं होतं, खरी कोनाची होती? ती म्हने, सगळ्यांचा अभ्यास संपला का नंबर उघडतीन, तवाच कळन, मावशी. तोवर मलाही नाही माहीत. पन तुमाले सांगीन, वचन देते.

आता आमाले साधा इलाज आहे, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा व्यायाम, वजन कमी करा, लय दुखलं तर गोळी. भोजली दोन महिने बोलली नाही. सीताराम नाही, कायी नाही. तिच्या पसऱ्यावरून भाजी घ्यायची तर मी पोराच्या हातून मागवो. पन एक पाहून ठेवलं मी दुरून, ती अजूनबी आपली आपन उठते. डबा बंद होऊन इतके दिवस झाले, तरी उठते. गोळी नाही अन् टोंगळा चालून राहिला! मंग ती काय खात होती इतके दिवस, दवाई का खडू? अन् खडू असन, तर तिले कोनी उठवलं? येच्यापायी माहा जीव आता नव्यानं जागेवर नाही.

परवा आली. चटईवर बसली, मी चहा ठेवला. म्हने, नंबर उघडला का तुले सांगनार ना ती पोरगी? मी म्हटलं, हो. तशी हळूच म्हने, मोर वाले खड़िया निकलही, त मोला झन बताबे भोजली. माही खडू निंगाली तर मले सांगू नको. जोवर मले माहीत नाही, तोवर मी उठून राहिली.

चहा पेली अन् गेली. उठताना मी मुद्दाम तिकडं पाह्यलं नाही.

सगळ्याईचे टोंगळे चालोत ताई, तुमचेबी, त्या मॅडमचेबी. एकदा खरं बोलली तर माही भोजली दोन महिने गेली. अन् आता ती मले म्हनते चूप राह्य. मी तर आठ दिवसाच्या वर चूप नव्हती राहू शकली. आता जन्मभर राह्यचं आहे, अन् मले जमन का नाही, ते मलेच माहीत नाही.