बॉर्डर नवापूरची नव्हे

साक्रीच्या स्टँडवर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी समोरून जाणाऱ्या कांदा व्यापाऱ्याला हटकलं.

"प्रेमराजभाऊ, मना कांदाचाळमधला कांदा कव्हय उचलशात?"

"कोकिळाअक्का, बॉर्डर बंद आहे."

"खोटं नका बोलू. मना भाचा आज सकाळीच नवापूरहून उना. त्याले कोणीच रोकं नही."

"नवापूरची, गुजरातची नाही हो, बांगलादेशची. आपले ट्रक तिकडे नाक्यावर उभे आहेत. त्यांनी कांदा घेणंच थांबवलंय."

"आम्ही काय बिघाडं त्यासनं?"

"आपण नाही. वर सरकारा-सरकारांत काहीतरी बिनसलंय."

"भांडण त्यासनं, आनि सडस मना कांदा? तुम्हीच सांगं व्हतं ना, थांबा अक्का, तिकडे चांगला जातो म्हणून. मी दारवरलं गिऱ्हाईक परत धाडं."

"तेव्हा बॉर्डर सुरू होती, अक्का."

"आते बठ्ठा कांदाले कोंब फुटी ऱ्हायनात."

"आठ-दहा दिवस दम धरा."

"मी धरसू हो. तुम्ही चाळमा या आनि कांदाले सांगा, बॉर्डर उघडेपर्यंत कोंब काढू नको. मनं तो ऐकत नही."