बिनआवाजाच्या गाडीले पाणी मारलं तवा

आधी रामटेके मॅडमचं नाव लिहा, मंग बाकीचं. माह्यं नाव मागून आलं तरी चालते, नाही आलं तरी चालते. भंडाऱ्याले राहते मॅडम, जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीले जाते, ऑफिसात हाये, कोणत्या ते मले माहीत नाही, मी कधी इच्यारलं नाही, भेव वाटते असं इच्यारायले. पण आज आम्ही नवरा-बायको भंडाऱ्याजवळच्या या शहापुरात, या हायवेच्या बाजूच्या खोलीत राहून राहिलो ते तिच्यामुळं. आता काय झालं ते सांगतो.

माह्यं माहेर इकडचं नाही. देवरीच्या पलीकडं चिचगड, अन् चिचगडच्याही आत, जंगलात आमचं गाव. मी जन्मली तवा ते भंडारा जिल्ह्यातच होतं, मंग जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, अन् आम्ही घरी बसल्या बसल्या दुसऱ्या जिल्ह्याचे झालो. इथं आली तं लोक म्हणत, तुम्ही गोंदियाकडचे काय वो? मी म्हणो, हो जी. आता कोणाकोणाले सांगू बाप्पा, का जन्माची मी भंडाऱ्याचीच म्हणून. आम्ही ढिवर, बाप तलावात जाळं टाके, माय टोपलं घेऊन गावोगाव मासोळ्या इके. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीले चिचगडले जा लागे, मधात जंगल, माय म्हणे, पोरीची जात, वाचता येते न, पुरे झालं. मलेही तवा काही वाटलं नाही. आता वाटते. कोणी मोठ्यानं बोललं का, चुकी कोणाचीही असो, माह्या तोंडून आधीच निघते, माफ करा जी.

नवरा इथं वॉशिंग सेंटरवर गाड्या धुवायले लागला होता. मालकानं मागची खोली देल्ली होती राहायले. मंग एक दिवस रॅम्पवरून नवऱ्याचा पाय घसरला अन् कंबर धरली, उठता येईना का बसता येईना. मालक दोन-चार दिवस थांबला, मंग म्हणे, मले दुसरा गडी पाहा लागन, अन् त्याले खोली देवा लागन. मी म्हणली, मालक, मी धुतो न गाड्या. तो हासला. म्हणे, बाईमाणूस गन धरन काय? अन् ते गन साधी नोहे बरं, पाण्याचा असा मार असते का वाळलेला चिखल ढलप्या-ढलप्यानं उडते, अन् हात ढिला सोडला का पाइप नागासारखा उलटून येते. पयल्या दिवशी मीच सारी भिजली, समोरच्या चहावाल्यानं म्हटलं, काय वो वहिनी, गाडी धुऊन राहिली का सोताले? पण शिकली. मालक म्हणे, ठीक हाये, कर तू, पण एका गाडीचं नुकसान झालं का त्या दिवशी खोली खाली. मालक वाईट माणूस नोहे, हे बी लिहा. लोकांच्या महागाच्या गाड्या, त्यालेही भेव असते.

अन् मी शिकली कायच्यावर, तं ट्रॅक्टरवर. धानाच्या रोवण्याच्या दिवसात चिखलानं माखलेले ट्रॅक्टर येत, बोनट खोला, आतून-बाहेरून पाणी मारा, मंग ड्रायव्हर चावी फिरवे अन् ट्रॅक्टर धडधड करत उठे. तो आवाज आला का माह्या जिवात जीव येये. माह्या डोक्यात तेच बसलं, का इंजिन धुतलं अन् आवाज आला म्हणजे काम बरोबर.

मंग रामटेके मॅडमची ती नवी गाडी आली. हायब्रीड म्हणते तिले, पेट्रोलवर बी चालते अन् बॅटरीवर बी. मले ते काही माहीत नव्हतं. धान चुरायचे, मळणीचे दिवस होते, मॅडम आपल्या गावाहून, अड्याळहून आली होती, तिथं गाडी चुरायच्या मशीनजवळ उभी राहिली असन, बोनटच्या फटीफटीत भुसा अन् तणसाच्या काड्या. मॅडम म्हणे, हा सारा कचरा काढून दे वो बाई, अन् चहा प्यायले समोर गेली. मी बोनट खोललं, तं आतमध्ये वेगळंच. इंजिन हाये, पण बाजूले एक पेटी, अन् त्याच्यातून नारंगी रंगाचे जाड जाड वायर. असे वायर मी कधी पायले नव्हते. मी गन खाली धरली अन् मालकाले म्हणली, मालक, हे नारंगी कायचं हाये? इथं पाणी मारू का नको? मालक काउंटरवरून वरडला, तुले कायले पायजे नारंगी का हिरवं, मार पाणी, मॅडमची गाडी हाये, चकाचक पायजे. आता सांगा, मी काय करतो. मालकाचं भेव जास्त का गाडीचं? मी मारलं पाणी.

मॅडम आली, बोनटमधून पाणी टिपटिप गळून राहिलं, ते पाहून तिचा चेहराच बदलला. म्हणे, अवो, आतमध्ये बी पाणी मारलं काय? तेवढ्यात मालक धावत आला, म्हणे, मॅडम, मी नाही सांगतलं, बाई नवीन हाये, अडाणी हाये, तिले समजत नाही. माह्या तोंडून निघालं, माफ करा जी. मॅडम गाडीत बसली, बटन दाबलं. मी कान देऊन उभी. आवाज नाही. मंग काहीतरी दाबलं तिनं आणखी, तरी आवाज नाही. काय सांगू तुम्हाले, मले खोली दिसली, खोलीतली खाट दिसली, खाटीवर नवरा दिसला अन् ती खाट हायवेच्या बाजूले ठेवलेली दिसली. गाडी मेली, मी मारली. मी तिथंच ओल्या फरशीवर बसली. मालक म्हणे, सामान बांध तू, आजच.

अन् गाडी पुढं सरकली. आवाज नाही काही नाही, चालूच झाली नाही, अन् चालून राहिली. मालक उडी मारून बाजूले झाला. मॅडमनं काच खाली केली अन् म्हणे, अवो, अशीच असते ही, आधी बॅटरीवर चालते, इंजिन मागून उठते. घाबरली काय? फाटकापर्यंत गेली, तिथं इंजिन घुर्र झालं, मंग मागं आणली. चहावाला हासून हासून बेजार. मले हासू येईना.

पण मॅडमनं दोन गोष्टी केल्या तिथं. एक म्हणजे मालकाले म्हणे, भाऊ, मी चहा पिता पिता ऐकून राहिली होती, मार पाणी म्हणून तुम्हीच वरडले, मले वाटलं वरवर मारायचं म्हणता. अन् चुकी तं माहीच हाये, गाडी माही, सांगायले मीच पायजे होतं. दुसरं, तिनं गाडी घेतली होती तिथल्या मिस्त्रीले फोन लावला अन् आम्हा सर्वांले ऐकू येईन असा आवाज मोठा करून धरला. मिस्त्री म्हणे, प्रेशरचं पाणी मारायचंच नाही, नारंगी वायर म्हणजे मोठ्या करंटचा, तिथं हात बी नाही लावायचा. भुसा हवेनं उडवायचा, बाकी ओल्या फडक्यानं पुसायचं. मॅडम म्हणे, माह्या भावाचा मेकॅनिक तं म्हणते थोड्या पाण्यानं काही होत नाही. मिस्त्री म्हणे, नाही झालं तं नशीब, झालं तं मोठा खर्च. आता मारलंच असन तं बोनट खोलून उन्हात वाळू द्या, अन् आठ-पंधरा दिवस पाहा, ओल राहिली असन तं मागून त्रास देते.

हे मागून त्रास देते ऐकलं अन् मी गेली कामातून. मॅडम निघाल्यावर मालक म्हणे, सध्या राहा, पण हे पाय, या पंधरा दिवसात गाडी बिघडली तं मॅडम माह्याकडंच येईन, मंग तुमची खोली नाही राहत. मॅडमले मी हे सांगतलं नाही. पण निघता निघता तिनं मले पायलं होतं, कोरड्या झालेल्या बोनटवरूनही मी फडकं फिरवून राहिली होती, तं म्हणे, मी रोज सकाळी इथूनच ड्युटीवर जाते, तू रस्त्यावर उभी राह, गाडी बरोबर असली तं मी हारन मारीन.

मंग रोज सकाळी मी झाडू घेऊन रस्त्याच्या कडंले. फॅक्टरीच्या बसा जात, ट्रक जात, अन् मधातून ती गाडी येये अन् हारन वाजे. नवरा खाटीवरून इच्यारे, वाजला काय? मी म्हणो, वाजला. तवा आम्ही चहा पेवो.

एक दिवस गाडी आलीच नाही. मी उभी राहिली, ऊन वर आलं, बसा गेल्या, मॅडम नाही. मालक म्हणे, बंद पडली असन तुह्या बाईची गाडी. मी दिवसभर गाड्या धुतल्या, पण काय धुतलं मले माहीत नाही. दुपारून खोलीत जाऊन भांडे पोत्यात भरायले लागली. नवरा म्हणे, थांब न, आधी कळू तं दे. मी म्हणली, तुम्ही चूप राहा, मले सारं कळलं. सांजच्या वेळी बाहेर हारन. मी धावली. मॅडमच. गाडी तीच. उतरायच्या आधीच म्हणे, अवो, आज रजा होती, आईले घेऊन अड्याळले गेली होती, तुले सांगायचं राहून गेलं. घरी आल्यावर ध्यानात आलं, तू उभी राहिली असशीन.

अड्याळ भंडाऱ्याच्या एकीकडं अन् शहापूर दुसरीकडं. थकूनभागून घरी आलेली बाई, गाडी काढते अन् फक्त एवढं सांगायले येते का गाडी चांगली हाये, भेऊ नको. माह्यासाठी असं कोणी आलं नव्हतं कधी. मी तिथं उभी राहून रडली, अन् मॅडम म्हणे, आता रडतेस काहून, चहा पाज. मी पोत्यातून भांडं काढलं, मॅडमनं ते पायलं.

गाडीले काही झालं नाही. पाण्यानं काही होतच नाही का आमचं नशीब चांगलं, ते मले आजही सांगता येत नाही. पण आता तशी गाडी आली का मी हवेचा पाइप घेतो अन् फडकं घेतो, पाणी घेत नाही, अन् मालक बी काही म्हणत नाही. गिऱ्हाईक म्हणते, काहून वो, आत पाणी नाही मारत? मी म्हणतो, नाही जी, माफ करा. नवऱ्याची कंबर बरी हाये, काउंटरवर बसते तो आता. अन् धुतलेली गाडी आवाज न करता सरकली का मी अजूनही दचकतो.

मागं एकदा मॅडमच्या घरी गेली होती, जयभीम करायले. तवा पायलं, ड्युटीवर जायच्या आधी ती आपल्या म्हाताऱ्या आईची आंघोळ सोता करून देते, केस धुते, पुसते, वेणी घालते. मॅडमले लेकरू नाही. उद्या तिची आंघोळ करून द्यायले कोण हाये? मी तिले तोंडावर बोलली नाही, बोलायले भेव वाटते, पण तुम्ही लिहून घ्या, तुम्ही लिहिलं म्हणजे मले माघार घेता येणार नाही. ज्या दिवशी मॅडमचे हात डोक्यापर्यंत जाणार नाही, त्या दिवशी ती भंडाऱ्याले असो का अड्याळले असो, मी जाईन, पाणी कोमट करीन, अन् तिचं डोकं माह्या हातानं हळूहळू धुऊन देईन.