सासूबाईंची तेलाची बाटली

...नाही, पण तुम्हीच सांगा, भांगेच्या बियांचं तेल कुणी चुलीशेजारी ठेवतं का? हसू नका, या तेलाने नशा चढत नाही! चढली असती तर नाताळच्या आदल्या संध्याकाळी घास तरी घशाखाली उतरला असता! आम्हा पोलंडातल्या खेडवळांना त्या दिवशी मांस नाही, लोणी नाही. बटाट्यावर तेच तेल, कोबीवर तेच, खारवलेल्या माशावर तेच... आणि प्रत्येक पदार्थ चाखायलाच हवा, नाहीतर वर्षभर सुख हुकतं म्हणे! हे तेल ठेवायचं काळ्या बाटलीत, बूच घट्ट, तळघराच्या गारठ्यात. आणि आमच्या सासूबाई, गेनोवेफाबाई? हल्ली चुलीच्या उबेला! "जावईबापू, थंडीत तेल आखडतं हो!" अहो, आखडू द्या की! उबेला ते खवट होतं, जुन्या रंगाच्या डब्यासारखं घाण मारतं, जीभ कडू जहर... पण बोलणार कोण?

कारण तुम्हाला सांगतो, अख्खं गाव बाटल्या घेऊन यांच्याच दारात. "काकू, जरा हुंगा, गेलं का?" बाई एकदाच हुंगणार, "गेलं! कुंपणाला चोपड!" की विषय संपला. मागच्या हिवाळ्यात ताप आला आणि बाईंचा वासच गेला. साफ! दूध करपलं तरी पत्ता नाही. आमची बायको हलिना डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "आईला काही बोललात तर बघा! तेवढाच मान उरलाय तिचा." लोक अजून येतात, सगळ्या बाटल्या पास होतात, शेजारचा झेनेक पोट धरून हिंडतो... पण बोलणार कोण?

मग यंदा मी शक्कल लढवली. घाण्यावरून ताजं आणलं, हिरवंगार, अक्रोडासारखा वास, गुपचूप बाईंच्या बाटलीत भरलं. पाहुणे बसले. बाईंनी बशीत ओतलं, हुंगलं, दिव्याखाली धरलं... "इतकं हिरवं? गेलं हे!" आणि ओतलं की हो मोरीत! वर कपाटातून दुसरी बाटली काढली, पिवळीधम्मक. "हे माझ्या ठेवणीतलं!"

आता मात्र बोलतोच म्हटलं, तोंड उघडलं... तर बाईंनी बूच काढलं, पुन्हा लावलं. आजवर ज्यांनी कुणाला विचारलं नाही, त्या हळूच मला म्हणतात, "जावईबापू... चांगलं आहे ना हो?"

सगळं टेबल माझ्याकडे बघतंय. काय करता?

"फर्स्टक्लास आहे, आई! वाढा अजून..."

वाढलं ना... वाटीभर!