चाळीसचे सदतीस आणि बिरवाडीतली दवंडी

जबाब
दि. १८/१२/२००४, पोलीस चौकी, बिरवाडी

मी, गोमाजी महिपती उतेकर, वय ६१ (शाळेच्या दाखल्यावर ५८, दोन्ही लिहावे), धंदा शेती व पेंढ्याची विक्री, रा. खालची वाडी, कशेडी घाटाच्या पायथ्याशी, ता. पोलादपूर, जि. रायगड.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी तुळसा व नात सारिका, वय १७, यांच्यासह राहतो. मुलगा व सून मुंबईस असतात. माझ्यावर यापूर्वी एकही केस नाही. मी तापट आहे, ते तालुक्याला माहीत आहे.

आज सकाळी साडेअकराच्या सुमारास बिरवाडी बाजारपेठेत मी रॉकेलचा रिकामा डबा काठीने वाजवून मोठमोठ्याने ओरडत होतो, हे खरे आहे. गर्दी जमली, कारखान्याची बस व दोन टँकर अडकले, हेही खरे आहे. दारू प्यालेलो नव्हतो. तोंडाचा वास हवालदारसाहेबांनी घेतलेला आहे.

कारण विचारता सांगतो की, दि. २ रोजी मी सारिकाच्या शिक्षणाकरिता उमैमा जलील मुकादम, वय २२, हिच्या बिरवाडीतील दुकानातून कॉम्प्युटर घेतला. ती तेथेच मुलींना कॉम्प्युटर शिकवते. तिचे वडील जलील मुकादम, रा. तुडील, यांचा ट्रक तेवीस वर्षे माझा पेंढा वाहतो. ही मुलगी माझ्यासमोर जन्मली.

माल घरात आला की मोजून घ्यायचा, ही माझी सवय. कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवायची एक डबी असते, तिला हार्ड डिस्क म्हणतात. तिच्या खोक्यावर चाळीस जीबी छापले होते. सारिकाने चालू केले तर पडद्यावर सदतीस पूर्णांक दोन. जीबी काय असते ते मला तेव्हा ठाऊक नव्हते, पण चाळीसातले जवळजवळ तीन गेले एवढे कळत होते. डबी कोरी, आत काही भरलेले नाही, आणि तीन कमी. माझे डोके फिरले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. मुली शिकायला बसल्या होत्या. उमैमाने चहा मागवला व म्हणाली, "काका, कंपनीचा हजार म्हणजे हजार. कॉम्प्युटरचा हजार म्हणजे एक हजार चोवीस. डिस्क तेवढीच आहे, मोजायची रीत निराळी."

मी म्हणालो, "हजार म्हणजे एक हजार चोवीस? मला येडा समजलीस काय गो? जन्म गेला माझा मोजण्यात!" त्यानंतर मी तिला सर्वांदेखत चोर म्हणालो. तीन वेळा म्हणालो. ती रडली नाही. माझ्यासमोरचा चहा तिने उचलून आत नेला.

पुढे अकरापैकी सात मुली शिकायला यायच्या बंद झाल्या. जलीलचा ट्रक वाडीत आला नाही. मी पेंढा दुसऱ्या गाडीने पाठवला. तो ड्रायव्हर खाली उतरलाच नाही. जलील आला की आधी चूल पेटते, मग पेंढा भरतात.

काल दि. १७ रोजी खळ्यात मी पेंढ्या मोजत होतो व सारिका लिहीत होती. आमच्या वाडीत हजार पेंढ्यांना चोवीस वर देतात, वाटेत सुटतात-तुटतात म्हणून. ही रीत माझ्या आजाच्या वेळेपासून आहे. सारिकाने हजारावर रेघ मारली. मी ओरडलो, "अगो, अजून चोवीस! आपला हजार म्हणजे एक हजार चोवीस, कितींदा सांगू?"

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि पोट धरून हसायला लागली. म्हणाली, "आजोबा, परत बोला." मी परत बोललो. अर्ध्यातच मला उमैमाचे शब्द आठवले.

मग तिने समजावले. कॉम्प्युटर बारीक काडीपासून मोजत येतो. एक हजार चोवीस काड्यांची पेंढी, तशा एक हजार चोवीस पेंढ्यांचा भारा, तशा एक हजार चोवीस भाऱ्यांचा एक जीबी. कंपनी तिन्ही वेळा नुसता हजार धरते. म्हणून कंपनीचे चाळीस आपल्या मापाने सदतीसच भरतात. माल तेवढाच. सदर यंत्र आमच्या वाडीच्या रीतीने मोजते हे कळून मला एवढा आनंद झाला की मी तुळसाला हाका मारून बोलावले. ती म्हणाली, "नाचू नका. त्या पोरीचं काय?"

मी म्हणालो, उद्या जाऊन हळूच माफी मागतो. तुळसा म्हणाली, "चोर म्हणालात चारचौघांत, नि माफी कोपऱ्यात? शोभत नाय."

म्हणून आज डबा घेतला. मी ओरडलो ते शब्द असे: "ऐका हो ऐका! उमैमाच्या दुकानातला माल पुरा हाय! ती चोर नाय! कमी भरली ती गोमाजीची अक्कल!" तीन वेळा चोर म्हणालो होतो म्हणून तीन वेळा ओरडलो, आणि रीतीप्रमाणे वर एक. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "काका, सुरुवातीचं ऐकलं नाय." त्याच्यासाठी पाचवे. उमैमा दारात येऊन म्हणाली, "काका, बास करा, लोक हसतायत." मी म्हणालो, "हसू दे गो, मला हसतायत ना!" तेव्हा तीही हसली. तेवढ्यात साहेब आले.

मला सोडण्यासाठी जामीन विचारला असता मी वाडीतील कोणाचे तरी नाव सांगणार होतो. त्याच वेळी जलील आत आला. माझ्याकडे न बघता त्याने सही कुठे करायची ते विचारले. साहेबांनी विचारले, तुम्ही ह्यांचे कोण? जलील म्हणाला, "तेवीस वर्षं ह्याचा पेंढा वाहतोय. आज ह्यालाच नेतो." मला रडू आले. हवालदारसाहेब म्हणाले, हे लिहिण्याची गरज नाही. मी म्हणालो, लिहा.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी बोललो तसाच आहे. आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारता सांगतो की, सही लवकर घ्यावी. बाहेर जलील हॉर्न वाजवत आहे, तो माझ्यासाठी आहे.

सही/-
गोमाजी महिपती उतेकर