उन्हाला पाळी

चहा येतोय तोवर आमच्या व्याह्यांची गंमत ऐका. तात्यांची डाळिंबाची बाग इंदापूरच्या अंगाला, कॅनॉलच्या पार शेपटाला. यंदा उन्हानं फळं करपायला लागली, तेव्हा तात्यांनी विहीणबाईंच्या जुन्या साड्या झाडांवर पांघरल्या.

परवा ते सांगवीला आमच्याकडं आले. मला कुठलं राहवतंय! म्हटलं, "तात्या, झाडांना साड्या नेसवल्या, आता चोळ्या कधी शिवताय?"

"हसा. निम्मी बाग काळी पडली."

"मग काढा त्या साड्या. शास्त्रज्ञ इमानातनं आभाळात कसलीशी भुकटी फवारायचं म्हणत्यात. ऊन वरच्या वर कमी. मोबाईलवर बघितलं मी." एवढं खरं होतं. पुढचं मी पदरचं घातलं, "गावोगाव इचारणार हायत, किती ऊन पायजे म्हणून. आमच्या उसाला कडक लागतं, आमी सांगून टाकलं."

तात्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला आन् ओट्यावरनं माझ्या उसात साचलेल्या पाण्याकडं बघत बसले.

"म्हंजी उन्हाला बी पाळी लागणार? आबा, कॅनॉलचं पाणी आधी तुमाला, उरलं तर आमाला. ऊन तेवढं आजवर कुणाला इचारून पडत नव्हतं. त्येची चावी बी तुमच्याच अंगाला बसली, तर आमी साड्या कुठवर पुरवायच्या?"

मी किटली उचलून म्हटलं, "अजून थोडा चहा घ्या."

"घेतो की," तात्या म्हणाले, "पन आज आधी माझ्या कपात वता."