मोर्णेकाठचं घर

मी मूळचा वलगावचा. बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जाये, मी गवंडीकाम शिकलो अन् लगन झाल्यावर अकोल्याले आलो. लोकायचे घरं बांधू बांधू हात उलले माहे, अन् स्वतः राहिलो किरायानं. खोली पाहाले गेलं का पह्यला सवाल, आडनाव काय तुमचं. आडनाव सांगतलं का खोली कालच दुसऱ्याले देल्ली राहे. सुलोचना, माही बायको, ते म्हने, आता चार भिंती आपल्या पाहिजे, जिथं आडनाव पुसाले कोनी येनार नाई. तिनं दुसरं कायी मांगतलं नाई जिंदगीत.

मंग एका दलालानं हे मोर्णेकाठचं जुनं घर दाखवलं. उन्हाळा होता, भिंतीले ताजा रंग मारेल. मी ओळंबा सोडला, थापीनं भिंत ठोकून पाहिली, सगळं सरळ. पाया नाई पाहिला. सारी जिंदगी मी लोकायले सांगून राहिलो का बाप्पा, काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खोदा, नाईतर पावसाळ्यात माती फुगते अन् घर उलते. अन् स्वतःच्या वेळेस बह्याडासारखा फरशा पाहत बसलो, कावून का सुलोचना स्वयंपाकघरातला ओटा पदरानं पुसून राहिली होती. अजून सौदा व्हाचा होता, अन् ते ओटा पुसून राहिली होती.

काय सांगू तुमाले, या मोर्णेले नदी म्हनाची तरी कशी. सारी जलकुंभीनं बुजेल, खालून गटाराचं पानी, मच्छर असे का वरनात पडते. नदीच्या काठावर राहून प्याच्या पान्याचे ड्रम भरून ठेवा लागते. जेवाले बसलं का वास, झोपाले गेलं का वास. किळस येते मले. पन तेही सोसलं असतं.

पह्यल्याच पावसाळ्यात हॉलच्या भिंतीले तिरपी भेग गेली, बोट जाये आतमधी. सुलोचना बजारात गेली तशी मी कुदळ घेतली अन् कोपऱ्यात खोदलं. मले वाटलं कमरेइतकं खोदा लागन, तर गुडघ्यावरच पाया खतम. खाली नुसती काळी माती. त्या गवंड्याले मी मनभरून शिव्या देल्ल्या. मंग पायाच्या बाजूची माती हातानं पुसली तर सिमेंटवर फुली दिसली, अन् बाजूले दोन टिंबं. ते माही निशानी होय. जवानीत मी भरेल पायाले थापीच्या टोकानं तशी निशानी करो. मंग याद आलं. तवा इथं बाभळीच होत्या, ना रस्ता ना घरं, ठेकेदार म्हने आभाळ भरून आलं, आटपा, खाली पाहाले कोन येते. अन् मी आटपलं. आपल्याले कोनतं राहाचं हाये इथं, असं म्हनलं होतं मी. आता तोंडावर थुकावं वाटते, माह्याच.

खड्डा बुजवून टाकला. तिले सांगतलं नाई.

आता दर पावसाळ्यात मी भेग भरतो अन् ते बादली धरते. घरी येईन त्याले भेग दाखवते. कालच शेजारनीले सांगून राहिली होती, ज्या मुडद्यानं हा पाया भरला ना बाई, त्याले मरेपर्यंत सुखाची झोप लागू नाई. मी थापी चालवता चालवता म्हनलं, नाईच लागत त्याले. ते म्हने, तुमाले काय मालूम. मी सिमेंट कालवून राहिलो होतो, कालवत राहिलो.