वरच्या गटात

—न्हाई, बूट भाईरच काढा. मॅट हाय ही, तुमच्या हापिसातली सतरंजी न्हाई. हां, बसा. अन् शाल कशाला? माझा सत्कार? आत्ता? राज्याची चॅम्पियन होऊन आले, तवा नांदेडच्या स्टेशनावर घ्यायला माझा बाप एकटाच आलता, नायगावाहून एसटीनं — अन् तुम्ही, अमरनाथराव, कराटे संघटनेचे सेक्रेटरी, तुम्हाला म्हणं ताप आलता! आज उतरला वाटतं.

हसू नका. काम बोला. — कोण, तूबा? हाव, माझ्याच क्लासची. देगलूर नाक्यावर तिच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान हाय. लातूरच्या स्पर्धेत पन्नास किलोच्या गटात खेळणार. मग? — वरच्या गटात? का बरं? … हां हां. आलं ध्यानात. अध्यक्षांची पुतणी बी पन्नासातच हाय, न्हाई का? तूबाची लाथ पाहिली वाटतं तिनं! 'अनुभव मिळतो, रेणुकाताई' — अहो, निदान वाक्य तरी नवं आणायचं! मला बी हेच म्हणले होते तुम्ही, राष्ट्रीयच्या निवडीला. मी खुळी, चढले वरच्या गटात. समोर हातभर उंच पोरगी. तिची लाथ गुडघ्यावर बसली — तुराटी मोडावी तसा आवाज झाला. अन् तुम्ही? पंचांच्या टेबलापाशी चहा पिऊन राहिले होते! माझ्या गटातून जिला पाठवलं, ती पहिल्याच लढतीत हरून आली. लई नाव काढलं जिल्ह्याचं!

दुखतंय का? वा! आत्ता इचारता? जिना उतरताना भिंत धरते मी. लाथ एकाच पायानं शिकवते, पोरींना वाटतं ताईंची स्टाइलच हाय ती. अन् रोज सकाळी दार लावून उभी राहते त्या मोडक्या पायावर — आज तरी पेलतो का, म्हणून… जाऊ द्या. तुम्हाला कशाला सांगून राहिले मी हे?

तूबा तिच्याच गटात खेळणार. — मान्यता काढता क्लासची? काढा की! गच्चीवर शिकवीन, गोदावरीच्या घाटावर शिकवीन. पण त्या पोरीचा गुडघा न्हाई देणार मी तुम्ह—

तूबा! कधीची उभी हायस गं दारात?

… रडू नको. पट्टा बांध.

अन् तुम्ही उठा, अमरनाथराव. मॅट मोकळी करा.